बर्नार्ड पालिसी : आगीपाशी शिकलेला कुंभार

आपल्या खेड्यांत ज्या घरी दुसरे काही मौल्यवान नसते, त्या घरीही लोणच्याची एखादी बरणी असते. तिच्या शेजारीच पाण्याची घागर असते. दोन्ही मातीच्याच, परंतु घागर पाझरते आणि बरणी पाझरत नाही. याचे कारण असे की, बरणीच्या अंगावर काचेसारखा एक पातळ लेप भट्टीच्या आगीत वितळून कायमचा बसलेला असतो. त्यास झिलई म्हणतात. ही झिलई शिकण्याकरिता फ्रान्स देशातील एका गरीब कारागिराने आपल्या आयुष्याची सुमारे सोळा वर्षे, आपली सर्व मिळकत, आणि शेवटी घरातील मेजे व जमिनीच्या फळ्याही आगीत घातल्या. तोच मनुष्य पुढे आपल्या विश्वासाकरिता वृद्धपणी तुरुंगात मरण पावला. बर्नार्ड पालिसी हे त्याचे नाव. त्याचे चरित्र आपल्या मंडळ्यांतील तरुणांनी व त्यांच्या आईबापांनी ध्यानपूर्वक वाचावे असे आहे.

पालिसीचा जन्म इसवी सन १५१० च्या सुमारास फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात झाला. त्याच्या घरची स्थिती बेताचीच होती. लॅटिन व ग्रीक या त्या काळच्या विद्वानांच्या भाषा त्याला कधीच शिकावयास मिळाल्या नाहीत. तरुणपणी तो काचेवर रंगकाम करण्याचा धंदा शिकला. मोठमोठ्या मंदिरांच्या खिडक्यांस रंगीत काचा बसविण्याची तिकडे चाल होती, व त्या काचा रंगविणे, कापणे आणि शिशाच्या पट्ट्यांनी जोडणे हे त्याचे काम असे. जोडीला चित्रे काढणे व जमिनीची मोजणी करणे हीही कामे त्याला येत. पुष्कळ वर्षे गावोगाव हिंडून काम केल्यावर १५३९ च्या सुमारास तो सँत नावाच्या गावी येऊन राहिला. तेथे त्याने संसार मांडला. मुले झाली. काचकामाचा धंदा मात्र दिवसेंदिवस मंदावत चालला होता, आणि घरखर्च वाढत होता.

अशा दिवसांत एकदा त्याने मातीचा एक प्याला पाहिला. प्याल्यावर पांढरी शुभ्र व तुकतुकीत झिलई होती. ती पाहून त्याच्या मनाने ठाव सोडला. आपल्या प्रांतात असली झिलई कोणालाच करता येत नाही. ती आपणास साधली तर कुटुंबाचे दारिद्र्य फिटेल, आणि देवाने दिलेल्या चित्रकलेचे सार्थकही होईल, असे त्याला वाटले. परंतु मातीच्या कामाची त्याला काडीचीही माहिती नव्हती. अंधारात चाचपडणाऱ्या मनुष्यासारखी त्याची स्थिती होती.

आज आपणास ठाऊक आहे की, कथलाची राख शिशाच्या काचेत मिसळली म्हणजे ती काच दुधासारखी पांढरी होते आणि तिच्यातून खालच्या मातीचा रंग दिसत नाही. इटलीतील कुंभार त्या काळी हे जाणतही होते. पण कारागिरांची घराणी आपली विद्या लपवून ठेवीत. सँत गावी पालिसीला शिकविणारा कोणी नव्हता. मग त्याने आगीलाच आपला गुरू केले.

त्याने मातीची पुष्कळ भांडी विकत घेऊन फोडली. निरनिराळ्या धातू व खनिजे कुटून त्यांची मिश्रणे केली. एकेका खापरीवर एकेक मिश्रण घालून कोणत्या खापरीवर काय आहे याची खूण केली, व ती लिहूनही ठेवली. मग स्वतःच्या कल्पनेने भट्टी बांधून ती सारी तिच्यात ठेवली. काहीच साधले नाही. भट्टी बदलली, मिश्रणे बदलली, तरी निष्पत्ती तीच. पुढे त्याने आपल्या खापऱ्या दूरच्या कुंभारांच्या भट्टीत पाठविल्या. परंतु साध्या मडक्यांच्या भट्टीची आग झिलई वितळविण्यास पुरेशी नसते, हे त्याला ठाऊक नव्हते. अशा रीतीने काही वर्षे गेली व पैसाही गेला. मध्यंतरी राजाच्या अधिकाऱ्यांनी समुद्रकाठच्या मिठागरांवर कर बसविण्याकरिता त्यांची मोजणी करण्याचे काम त्याला दिले. त्यात चार पैसे मिळताच त्याने पुन्हा आपला नाद धरला. या वेळी त्याने खापऱ्या काच करणाऱ्यांच्या भट्टीत नेल्या, कारण ती आग अधिक प्रखर असते. तेथे काही मिश्रणे किंचित वितळू लागलेली दिसली. एवढ्याशा आशेवर त्याने आणखी दोन वर्षे तेथे येरझारा घातल्या.

शेवटी एकदा त्याने तीनशेहून अधिक निरनिराळे नमुने एका वेळी भट्टीत ठेवले. त्यांपैकी एकच खापरी सुमारे चार तासांत वितळली, आणि निवल्यावर ती पांढरी व चकचकीत निघाली. तीनशेंत एक! पण ती पाहून आपला नवा जन्म झाला असे त्याला वाटले.

तथापि एक खापरी साधणे निराळे व भांडे साधणे निराळे. पुढील सात-आठ महिने त्याने स्वतःच्या हाताने भांडी घडविली, जरी ती विद्या तो कधी शिकला नव्हता. काचवाल्यांच्या भट्टीसारखी नवी भट्टी त्याने एकट्याने बांधली. मजूर लावण्यास पैसा नसल्यामुळे विटा स्वतःच्या पाठीवर वाहिल्या, पाणीही स्वतःच ओढले. सुमारे महिनाभर रात्रंदिवस झिलईचे द्रव्य दळले. मग भट्टी पेटवून तो सहा दिवस व सहा रात्री तिच्यापाशी बसून राहिला; पण भांड्यांवरची झिलई वितळेना. आपल्या मिश्रणात काही कमी पडले असे समजून, आग तशीच चालू ठेवून, त्याने नवे मिश्रण दळले व नवी भांडी विकत आणली. इतक्यात लाकडे संपली. आग विझली तर सर्व श्रम फुकट जाणार होते. म्हणून त्याने बागेतील मांडवाचे खांब उपटून भट्टीत घातले. तेही संपले तेव्हा घरातील मेजे व जमिनीच्या फळ्या जाळल्या. अंगातील सदरा महिनाभर घामाने वाळला नव्हता. शेजारी त्याची हेटाळणी करू लागले. कोणी म्हणत की हा वेडा झाला आहे, तर कोणी अशी आवई उठविली की हा चोरून खोटी नाणी पाडतो. सावकार दाराशी आले होते, आणि दाईकडे ठेवलेल्या दोन तान्ह्या मुलांचे पैसेही त्याच्याकडून देववत नव्हते.

पुढेही कसोटीचे दिवस सरले नाहीत. मदतीस ठेवलेल्या एका कुंभाराचा सहा महिन्यांनी हिशेब करण्याची वेळ आली तेव्हा पैसा नव्हता, म्हणून पालिसीने मजुरीबद्दल आपले अंगावरचे कपडे दिले. जुनी भट्टी मोडून तिच्या विटा सोडविताना त्याची बोटे इतकी कापली की फडकी गुंडाळलेल्या हातांनी त्याला जेवावे लागले. नव्या भट्टीत भांडी लावली. त्यांच्या विक्रीवर देणेकरी डोळे लावून बसले होते. परंतु भट्टीच्या चुन्यात गारगोट्या होत्या. आग लागताच त्या तडतड फुटल्या, आणि त्यांचे कण वितळलेल्या झिलईत रुतून बसले. भांडी दिसावयास सुंदर होती, पण हात फिरविताच वस्तऱ्यासारखी कापीत. कित्येक लोक ती कमी किमतीस घ्यावयास तयार झाले. घरी अन्नाची भ्रांत असतानाही पालिसीने ती विकली नाहीत. आपल्या हाताखालून खोटा माल जाऊ नये म्हणून त्याने ती सर्व फोडून टाकली, व दुःखाने अंथरूण धरले.

या ठिकाणी आपण क्षणभर थांबले पाहिजे. त्याच्या या कृत्याची स्तुती करावी तितकी थोडीच. परंतु त्याची किंमत एकट्या पालिसीने दिली नाही. ज्या घराच्या फळ्या जळाल्या ते घर त्याच्या पत्नीचेही होते. मध्यरात्री पावसात भिजून, चिखलाने माखून तो घरी येई, तेव्हा तिच्या कठोर बोलांनी त्याला शेजाऱ्यांच्या उपहासापेक्षाही अधिक पीडा होई, असे त्याने स्वतः लिहून ठेविले आहे. पण मुलांस भाकर कोठून आणावी हे त्या माउलीनेच रोज पाहिले असले पाहिजे. तिचा पक्ष मांडणारा ग्रंथ कोणी लिहिला नाही. म्हणून पालिसीच्या चिकाटीचा गौरव करताना तिच्या सोसण्याचीही आपण आठवण ठेवावी हे न्यायाचे होईल.

प्रत्येक चुकीने मात्र त्याला काहीतरी शिकविले. गारगोट्यांनी चुना पारखण्यास शिकविले. ज्वालांबरोबर उडणारी राख झिलईस चिकटते हे पाहून तो भांड्यांवर मातीची आच्छादने घालू लागला. नाना रंगांची झिलई करू लागल्यावर त्याला असे आढळले की, सर्व रंग एकाच आगीत सारखे वितळत नाहीत; सापाचा रंग वितळण्यापूर्वीच सरड्याचा हिरवा रंग जळून जाई. म्हणून कोणत्या रंगाला किती आग हे त्याला एकेक करून शोधावे लागले. अशा रीतीने पंधरा-सोळा वर्षांनी तो आपल्या धंद्यात निष्णात झाला. त्याच्या थाळ्यांवर साप, सरडे, बेडूक, मासे, शिंपले व नेच्याची पाने अगदी जिवंत असल्यासारखी दिसत, कारण खऱ्या प्राण्यांवरून व पानांवरून तो त्यांचे साचे घेत असे. देवाने ओढ्याकाठी जे निर्माण केले ते त्याने मातीत उतरविले. फ्रान्सचा सरसेनापती मोंमोरांसी याने त्याला आश्रय देऊन मोठी कामे सांगितली.

याच वर्षांत दुसरी एक आग त्याच्या अंतःकरणात पेटली होती. धर्मसुधारणेची शिकवण सँत गावी पोहोचली, व १५४६ च्या सुमारास पालिसीने ती स्वीकारली. त्या गावच्या मंडळीचा आरंभ कसा झाला हे त्याने लिहून ठेविले आहे, आणि आपल्या लहान मंडळ्यांस ते फार उत्तेजन देणारे आहे. तेथे ना पाळक होता, ना उपासनामंदिर. एका अतिशय गरीब कारागिराने आपल्यासारख्याच दुसऱ्या गरिबाशी बोलणे काढले. दोघांसही विद्या थोडीच होती. मग नऊ-दहा जण जमले. त्यांनी आपल्यातून सहा माणसे निवडली, व प्रत्येकाने सहा आठवड्यांतून एका रविवारी पवित्र शास्त्रातून बोध करावा असे ठरविले. एवढ्याशा बीजापासून ती मंडळी वाढली. काही वर्षांनी गावाचे वळणच पालटले. ओंगळ गाण्यांच्या जागी स्तोत्रे ऐकू येऊ लागली, कोर्टकज्जे कमी झाले, आणि सुटीच्या दिवशी तरुण-तरुणी कुरणांत बसून स्तोत्रे गात.

परंतु या विश्वासाची किंमत प्राणाने द्यावी लागण्याचा तो काळ होता. पायी हिंडून पवित्र शास्त्रे विकणारा व मंडळ्यांची व्यवस्था लावणारा फिलिबेर आमलँ नावाचा सेवक सँत गावी पकडला गेला. पालिसी सामान्य कुंभार होता. तरी तो आपला जीव धोक्यात घालून न्यायाधीशांच्या घरी गेला, व आमलँ हा किती निर्मळ मनुष्य आहे हे त्यांस सांगून त्याने त्याच्याकरिता रदबदली केली. तिचा उपयोग झाला नाही. १५५७ साली बोर्दो शहरी आमलँ यास देहान्ताची शिक्षा झाली.

१५६२ साली फ्रान्सात धर्माच्या नावावर यादवी पेटली. दोन्ही पक्षांच्या हातून क्रूर कृत्ये घडली. पालिसी सुमारे दोन महिने घरात दडून राहिला. बाहेर रस्त्यात लहान मुले दोन पक्ष करून शिव्याशाप देत एकमेकांस दगड मारीत, ते ऐकून त्याचे मन फार विषण्ण होई. शेवटी त्यालाही पकडून रातोरात बोर्दोच्या तुरुंगात नेले, आणि गावच्या अधिकाऱ्यांनी त्याची कर्मशाळा मोडून टाकण्याचे ठरविले. मोंमोरांसीने राजमातेकडे शब्द टाकला. पालिसीला राजघराण्याचा कारागीर असा किताब मिळाला, व त्यामुळे त्याचे प्राण वाचले. ज्या हातांस शेजाऱ्यांनी वेड्याचे हात म्हटले होते, त्याच हातांच्या कौशल्यामुळे त्या वेळी त्याची सुटका झाली.

सुटल्यावर १५६३ साली त्याने ला रोशेल येथे एक पुस्तक छापविले. त्यात शेतकऱ्यांकरिता एक गोष्ट आहे, ती आपल्या खेड्यांतही उपयोगी पडेल. तो सांगतो की, शेणखताचा ढीग उघड्यावर ठेवला म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर त्यातील क्षार वाहून जातात व शेतात नुसता चोथा पडतो. याचे प्रमाण म्हणजे, जेथे ढीग होता त्याच जागी पीक सर्वांत जोमदार येते. म्हणून खतावर छप्पर घालावे, व खालची जमीन झिरपणार नाही अशी करावी. साडेचारशे वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजही खरा आहे.

पुढे तो पॅरिसला गेला. राजमाता कातेरीन हिने त्विलेरी येथील बागेत मातीच्या कामाची एक कृत्रिम गुहा त्याच्याकडे सोपविली; त्याचे मुलगे निकोला व मातुरँ हेही त्याच्या हाताखाली काम करीत. १५७२ साली पॅरिसात प्रॉटेस्टंट लोकांची भयंकर कत्तल झाली, तीतून तो वाचला. १५७५ पासून त्याने पॅरिसात व्याख्याने दिली. लॅटिन न जाणणाऱ्या या कुंभारापुढे वैद्य व विद्वान पैसे भरून येऊन बसत. आणि आपले म्हणणे खोटे ठरल्यास घेतलेल्या पैशाच्या चौपट परत देईन असे त्याने जाहीर केले होते. झऱ्यांचे पाणी म्हणजे जमिनीत मुरलेले पावसाचेच पाणी होय, आणि दगडांत सापडणारे शिंपले हे एकेकाळी जिवंत असलेल्या प्राण्यांचे अवशेष होत, असे त्याने प्रतिपादिले. त्या काळच्या पुष्कळ पंडितांस हे पटत नव्हते. आज शाळेतील मुलेही ते शिकतात. ही व्याख्याने १५८० साली छापली गेली, व मातीच्या कामात त्याने जे सोसले त्याची हकीकतही त्याच पुस्तकात आहे.

एक उणेपण मात्र सांगितले पाहिजे. झिलईत कोणकोणती द्रव्ये पडतात त्यांची नावे त्याने दिली. पण प्रत्येकाचे प्रमाण किती हे सांगितले नाही. कला सर्वांच्या हाती गेली की तिचे मोल उतरते, अशी त्याला भीती वाटे. खताविषयी जो इतका मोकळा झाला तो झिलईविषयी हात आखडून राहिला. ज्याला शिकविणारा कोणी मिळाला नाही त्यानेच पुढच्या शिकणाऱ्यांकरिता दार अर्धवट उघडे ठेवावे, याचे वाईट वाटते.

१५८८ साली, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वयात, त्याला धर्माकरिता पुन्हा तुरुंगात घातले. या वेळी त्याला वाचविणारा आश्रयदाता उरला नव्हता. आपला विश्वास सोडला असता तर सुटका होण्यासारखी होती. ती त्याने पत्करली नाही. बास्तीयच्या किल्ल्यात हालअपेष्टा व उपासमार सोशीत १५९० साली त्याने देह ठेविला. पॅरिसच्या लूव्र येथील संग्रहालयात त्याच्या कामाचे नमुने आहेत. १९८० नंतरच्या दशकात त्याच आवारात खोदकाम झाले, तेव्हा त्याच्या कर्मशाळेतील साचे व फुटकी खापरे मातीखालून पुष्कळ निघाली.

प्रिय वाचकहो, कुंभाराच्या घरी जाऊन देवाचे वचन ऐकणाऱ्या यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट आपण जाणतो. तंबू शिवून पोट भरणारा पौलही आपणास ठाऊक आहे. तरी हातचे काम हलके व लेखणीचे काम थोर, ही जुनी समजूत आपल्या मंडळ्यांतूनही अद्याप गेलेली नाही. मिशनांनी ती मोडण्याचा यत्न केला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि त्या कामावर पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे आपल्या पायांवर उभी राहिली. मातीकाम असो, चामड्याचे काम असो, काचकाम असो की साबण करणे असो, ज्याच्या हाती कसब आहे तो कोणाच्या दारी मिंधा राहत नाही.

पालिसीला गुरू मिळाला नाही, म्हणून त्याच्या मुलांच्या पायांखालच्या फळ्या जळाल्या. आपल्या मुलांवर तसा प्रसंग येण्याचे कारण नाही. ज्यास एखादे कसब येते त्याने ते दुसऱ्याच्या मुलास मोकळ्या मनाने शिकवावे. जो शिकतो त्याने बिघडलेला माल गरजेच्या वेळीही चांगला म्हणून विकू नये. तडा गेलेले भांडे विकण्यापेक्षा फोडणे बरे, हे जो मनुष्य भट्टीपाशी शिकला, तोच पुढे तुरुंगातही आपल्या धन्याशी एकनिष्ठ राहिला. प्रभूने आपणां सर्वांस अशी हातांची व अंतःकरणाची खरेपणाची देणगी द्यावी.